वावरातली प्लेट, आभाळातली प्लेट

वाशीम जिल्ह्यातल्या शिवारांमधून फिरताना काळ्या-निळ्या प्लेटा दिसणं आता नवलाचं राहिलेलं नाही. सोयाबीन-तुरीच्या वावरात, विहिरीच्या बाजूला, लोखंडी खांबांवर दक्षिणेकडे तोंड करून त्या उभ्या असतात. रात्रीच्या लाईनची वाट बघायची, हातात बॅटरी घेऊन, सापाविंचवाची भीती मनात धरून पाणी द्यायला जायचं, हे ज्याच्या वाट्याचं सुटलं त्याला या प्लेटांचं मोल विचारा. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींतल्या शेतकऱ्याला ५ टक्के वाटा भरावा लागतो. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान वाशीमला आले होते, तेव्हा मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मधल्या एकूण १९ मेगावॅटच्या पाच सौर प्रकल्पांचं लोकार्पणही इथूनच झालं. सौरऊर्जा हा विषय वाशीमला परका नाही.

पण याच शेतकऱ्याच्या उपयोगी पडणारी आणखी एक सौरप्लेट आहे, ती त्याला कधीच दिसत नाही. मृग लागला, ढग येऊन जातात, पेरावं की थांबावं या घालमेलीत तो मोबाइलवर पावसाचा अंदाज बघतो. त्या अंदाजामागे इन्सॅट मालिकेतले उपग्रह असतात. त्यांपैकी इन्सॅट-३डीएस १७ फेब्रुवारी २०२४ रोजी अवकाशात गेला. जमिनीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरून तो ढगांवर नजर ठेवतो, आणि त्याची वीज येते ती त्याच्या सौरपंखावरच्या सेलमधून. तिथे ना महावितरणची तार आहे, ना डिझेलचं इंजिन. प्लेट थकली की उपग्रह संपला.

या दोन्ही प्लेटांमागचं विज्ञान एकच आहे. तरीही अवकाशातल्या प्लेटेसाठी जगभरचे शास्त्रज्ञ केसाच्या हजाराव्या भागाएवढ्या बारीक रचना घडवत बसले आहेत. का, ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

आधी उन्हाचा हिशेब. पृथ्वीजवळच्या अवकाशात सूर्यासमोर धरलेल्या एक चौरस मीटरवर सुमारे १३६१ वॅट ऊर्जा पडते. हवेतून गाळून ती आपल्या वावरात पोचते तेव्हा स्वच्छ दुपारीही १००० वॅटच्या आसपास उरते. म्हणजे वर ऊन जास्त, ढग नाहीत, धूळ नाही. ऐकायला चैन वाटते. पण जागा आणि वजन यांची तिथे भयंकर टंचाई आहे. वावरात वीज कमी पडली तर आणखी दोन प्लेटा लावता येतात, धुऱ्यावर जागा असतेच. उपग्रहाला ती सोय नाही.

पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी ‘स्वयम्’ नावाचा उपग्रह बनवला होता. २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ या यानातून तो गेला. वजन एक किलोलाही थोडं कमी, आकार १० सेंटिमीटर बाजूच्या घनाएवढा. अशा डब्याच्या एका बाजूवर सगळं मिळून साडेतेरा वॅट ऊन पडतं. कडा, जोडण्या, स्क्रू यांची जागा सोडली तर सेल बसायला साठेक चौरस सेंटिमीटर उरतात. २० टक्के कार्यक्षमतेची सेल लावली तर त्यातून दीड वॅटच्या थोडी वर वीज मिळेल आणि ३० टक्क्यांची लावली तर अडीच वॅटच्या जवळपास. घरातला साधा एलईडी बल्बही ९ वॅटचा असतो. एवढ्याशा विजेवर संगणक, रेडिओ आणि बॅटरी, सगळं चालवायचं. तिथे पाऊण-एक वॅट जास्त मिळणं म्हणजे संदेश पाठवता येणं आणि न येणं यांतला फरक. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ गेला. तो दहा किलोचा, पण अडचण तीच.

आता सेल काम कशी करते ते पाहू. वाशीम-कारंज्याकडच्या ज्या लोकांनी डाळ मिलमधली चाळणी पाहिली आहे, त्यांना हे सांगायला फार शब्द लागणार नाहीत. प्रकाश म्हणजे ऊर्जेच्या दाण्यांचा पाऊस. या दाण्याला फोटॉन म्हणतात. निळ्या प्रकाशाचा दाणा मोठा, लाल प्रकाशाचा लहान, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा त्याहून बारीक. सेलमधला अर्धवाहक पदार्थ ही चाळणी. ठरावीक आकारापेक्षा लहान दाणा तिच्यातून सरळ खाली पडतो, त्याची वीज होत नाही. मोठा दाणा अडकतो आणि एक इलेक्ट्रॉन मोकळा करतो. पण दाणा कितीही मोठा असला तरी भाव एकच मिळतो, वरची ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. सिलिकॉनच्या चाळणीचं माप १.१२ इलेक्ट्रॉन व्होल्ट. भोकं मोठी ठेवली तर बारीक दाणे हातचे जातात आणि लहान ठेवली तर मोठ्या दाण्यांचा भाव पडतो. विल्यम शॉकली आणि हान्स क्वायसर यांनी १९६१ मध्ये हा हिशेब मांडला, त्या पद्धतीनं एका चाळणीच्या सेलची कमाल मर्यादा ३३ टक्क्यांच्या आसपास निघते. पदार्थ कितीही शुद्ध करा, त्यापलीकडे जाता येत नाही.

डाळ मिलवाले मग काय करतात? चाळण्या एकावर एक लावतात. सर्वांत मोठ्या भोकांची वर, बारीक भोकांची खाली. उपग्रहांच्या सेलमध्ये नेमकं हेच करतात. सर्वांत वर इंडियम गॅलियम फॉस्फाइड, मध्ये गॅलियम आर्सेनाइड, तळाशी जर्मेनियम. वरचा थर निळे-हिरवे दाणे धरतो, मधला लाल, खालचा अवरक्त. या तीनथरी सेल अवकाशातल्या उन्हात सुमारे ३० टक्के कार्यक्षमता देतात. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पीअरसन यांनी जगासमोर ठेवलेली पहिली व्यवहार्य सिलिकॉन सेल ६ टक्क्यांची होती, हे आठवलं म्हणजे ही मजल कळते.

मात्र या रचनेत एक खोट आहे. तीन थर एकामागोमाग जोडलेले असतात, त्यामुळे तिघांमधून वाहणारा प्रवाह सारखाच असावा लागतो. नांगराला जुंपलेल्या बैलांत एक हळू चालला की दुसऱ्याची ताकद फुकट जाते, तसं. या तिघांत तळाच्या जर्मेनियमकडे प्रवाह गरजेपेक्षा जास्त असतो, आणि वर्षं सरत जातात तसा मधला गॅलियम आर्सेनाइड मागे पडत जातो. त्याला थोडे बारीक दाणेही खाऊ घालता आले तर तिन्ही बैल बरोबर चालतील.

इथे नॅनोरचना कामाला येते. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. सोयाबीनच्या एका दाण्याच्या रुंदीत साठ-सत्तर लाख नॅनोमीटर मावतात. मधल्या थरात दुसऱ्या अर्धवाहकाचे काही नॅनोमीटर जाडीचे पापुद्रे एकाआड एक घातले की प्रत्येक पापुद्रा इलेक्ट्रॉनसाठी एक उथळ खड्डा होतो. शास्त्रज्ञ त्याला क्वांटम विहीर म्हणतात. विहिरीची रुंदी बदलली की चाळणीचं माप बदलतं. जो दाणा मधल्या थरातून निसटून जाणार होता तो विहिरीत अडकतो, आणि मोकळा झालेला इलेक्ट्रॉन सेलमधल्या उष्णतेच्या नि विद्युतक्षेत्राच्या जोरावर विहिरीबाहेर येतो. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या कीथ बार्नहॅम यांनी १९९०च्या सुमारास ही कल्पना मांडली, तेव्हा अनेकांना ती पटली नव्हती. विहिरीत पडलेला इलेक्ट्रॉन तिथेच विरून जाईल, असा आक्षेप होता. उत्तर मिळायला तीस वर्षं लागली. २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेनं मधल्या थरात क्वांटम विहिरींची चळत घातलेली तीनथरी सेल बनवली. जमिनीवरच्या उन्हात, भिंगानं ऊन एकवटल्याशिवाय, तिनं ३९.५ टक्के कार्यक्षमता दिली आणि अवकाशातल्या उन्हाच्या मापानं ३४.२ टक्के. त्या वेळी साध्या, न एकवटलेल्या उन्हातला तो जागतिक उच्चांक होता.

विहिरीचा धाकटा भाऊ म्हणजे क्वांटम डॉट. विहीर एकाच दिशेनं अरुंद, डॉट तिन्ही दिशांनी. पदार्थ तोच ठेवून नुसता कणाचा आकार बदलला की त्याचा रंग बदलतो. कॅडमियम सेलेनाइडचा दोनेक नॅनोमीटरचा कण निळसर प्रकाश देतो, सहाएक नॅनोमीटरचा लाल. या शोधासाठी २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मौंजी बावेंडी, लुई ब्रुस आणि अलेक्सेई एकिमोव्ह यांना मिळालं. आपल्याकडे पुणे विद्यापीठात प्रा. सुलभा कुलकर्णी यांनी अशा कणांवर फार आधीपासून काम केलं, आणि त्यांचं नॅनोतंत्रज्ञानावरचं इंग्रजी पाठ्यपुस्तक अनेक विद्यार्थ्यांनी अभ्यासलं आहे. सौरसेलमध्ये डॉट घालण्याचं स्वप्न मोठं होतं. स्पेनच्या अंतोनियो लुके आणि अंतोनियो मार्ती यांनी १९९७ मध्ये दाखवलं की, मोकळं व्हायला इलेक्ट्रॉनला जो उंबरठा, म्हणजे चाळणीचं माप, ओलांडावा लागतो त्याच्या मधोमध एक पायरी तयार करता आली आणि ऊन पूर्ण एकवटलं, तर कार्यक्षमतेची मर्यादा ६३ टक्क्यांपर्यंत जाते. डॉट ही ती पायरी व्हावी अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात डॉटमुळे प्रवाह थोडा वाढतो, पण व्होल्टेज त्याहून जास्त पडतं. जितकं वाचलं त्यावरून माझं मत असं झालं आहे की, अवकाशातल्या सेलपुरतं पाहिलं तर आज विहीर जिंकली आहे आणि डॉट अजून कागदावरच पुढे आहे.

आणखी एक गळती आहे ती परावर्तनाची. तासलेला कोरा सिलिकॉन आरशासारखा चमकतो, पडलेल्या उन्हापैकी एक तृतीयांश ऊन परत फेकतो. प्रकाशाला एकदम बदललेली हद्द लागली की तो उसळतो. हळूहळू बदलत जाणारा उतार मिळाला तर आत उतरतो. हे निसर्गानं आधीच ओळखलं होतं. सोयाबीनवरच्या किडीचे पतंग पकडायला आपण शेतात प्रकाश सापळा लावतो. अशा निशाचर पतंगांपैकी पुष्कळांच्या डोळ्याच्या पृष्ठभागावर सुमारे २०० नॅनोमीटर उंचीच्या उंचवट्यांची दाट शेती असते. ती प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बारीक असल्यानं प्रकाशाला वेगवेगळे उंचवटे दिसत नाहीत, फक्त उतार जाणवतो. स्वीडनच्या बर्नहार्ड यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला हे शोधलं. सिलिकॉनवर असेच काटे उठवले की तो काजळीसारखा काळा दिसतो, म्हणून त्याला काळा सिलिकॉन म्हणतात.

इथवर सगळं कार्यक्षमता वाढवण्याबद्दल झालं. पण अवकाशात खरा प्रश्न पहिल्या दिवसाचा नसतोच. पंधराव्या वर्षी काय उरलं, हा असतो.

पृथ्वीभोवती व्हॅन ॲलन पट्ट्यांमध्ये वेगवान प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन अडकून फिरत असतात, सूर्यावरून वादळं येतात ती वेगळीच. हे कण सेलमध्ये घुसून स्फटिकातले अणू जागचे हलवतात. रिकाम्या झालेल्या प्रत्येक जागी एक खड्डा पडतो. पावसाळ्यातली पांदण डोळ्यांसमोर आणा. काळ्या मातीचा चिखल, पावलापावलाला खड्डे. बैलगाडी वावरातून निघते, पण गावापर्यंत पोचेलच याची खात्री नाही. सेलमध्ये उन्हानं मोकळा झालेला इलेक्ट्रॉन असाच कडेच्या तारेपर्यंत चालत जातो, वाटेत खड्ड्यात पडला की त्याची वीज होत नाही. भूस्थिर कक्षेत पंधरा वर्षं काढलेल्या चांगल्या तीनथरी सेलचीही ताकद दहा-पंधरा टक्क्यांनी उतरते, साध्या सिलिकॉनची त्याहून जास्त. म्हणून सेलवर खास काच बसवतात. ती किरणोत्सर्ग अडवते, पण वजन वाढवते.

खड्डे बुजवता येत नाहीत. मग पांदणच लहान केली तर? वावर गावाला लागूनच असेल तर रस्ता कितीही खराब असो, गाडी पोचते. नॅनोरचनेचा सर्वांत मोलाचा उपयोग मला इथेच दिसतो. प्रकाश पुरेसा शोषायला गॅलियम आर्सेनाइडचा थर साधारण दोन-तीन हजार नॅनोमीटर जाड लागतो. लुईस हर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फक्त ८० नॅनोमीटर जाडीच्या सेल बनवल्या आणि २०१६ मध्ये त्यांच्यावर प्रोटॉनचा मारा केला. ८०० नॅनोमीटरच्या सेलचा प्रवाह ज्या माऱ्यात घसरला, त्यात ८० च्या सेलचा प्रवाह टिकून राहिला. इलेक्ट्रॉनला चालायचंच इतकं थोडं होतं की खड्ड्यांना त्याला गाठायची सवड मिळाली नाही.

अडचण उघड आहे. एवढा पातळ थर जवळजवळ पारदर्शक असतो, बहुतेक ऊन आरपार जातं. त्यावर उपाय म्हणजे सेलच्या पाठीमागे चांदीचा आरसा बसवायचा, आणि तो सपाट ठेवायचा नाही. त्यावर काही शे नॅनोमीटरच्या अंतरानं नक्षी काढायची. नक्षीवर आपटलेला प्रकाश तिरपा होऊन परत थरात शिरतो, थराच्या दोन्ही तोंडांवर आपटत आडवा पळत राहतो आणि शेवटी शोषला जातो. इलेक्ट्रॉनची वाट आखूड आणि प्रकाशाची वाट लांब, या दोन उलट्या गरजा एकाच पापुद्र्यात भागवायचं काम ही नक्षी करते. केंब्रिजला हर्स्ट यांच्याच गटानं अशा नक्षीदार सेल बनवल्या आहेत. त्यांची कार्यक्षमता नऊ टक्क्यांच्या आसपास भरली. आकडा लहान वाटेल. पण गुरूभोवतालच्या किरणोत्सर्गात, जिथे नेहमीची सेल लवकर कोसळते, तिथे टिकणारे नऊ टक्के हे न टिकणाऱ्या तीस टक्क्यांपेक्षा बरे. गुरूभोवती पाठवलेल्या जुनो यानावर १८ हजारांहून अधिक सेल आहेत, पंख प्रत्येकी नऊ मीटरच्या आसपास लांब आहेत, आणि एवढं करून तिथे मिळते सुमारे ५०० वॅट वीज. कारण गुरूजवळ ऊन पृथ्वीच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढंच. वाशीमच्या वावरात एकच प्लेट तेवढी वीज देते.

महाराष्ट्रात याच्या सर्वांत जवळचं काम चाललं आहे ते पवईला. आयआयटी मुंबईत २०१० पासून राष्ट्रीय प्रकाशविद्युत संशोधन आणि शिक्षण केंद्र आहे. तिथे प्रा. दिनेश काब्रा यांच्या गटानं सिलिकॉनच्या सेलवर पेरोव्हस्काइट नावाच्या स्फटिकाचा अर्धपारदर्शक थर असलेली सेल ठेवून दोन चाळण्यांची जोडसेल तयार केली आणि २६ टक्क्यांपुढची कार्यक्षमता मिळवली. पेरोव्हस्काइटचा थर असतो काही शे नॅनोमीटरचा, म्हणजे पांदण इथेही आखूडच. तो शाईसारखा द्रावणातून पसरवता येतो, त्याला महागडी भट्टी लागत नाही. पवईचं काम मुख्यतः जमिनीवरच्या विजेसाठी आहे. मात्र हाच पदार्थ अवकाशासाठीही तपासला जातो आहे, कारण त्याचे दोन मोठे शत्रू, दमट हवा आणि ऑक्सिजन, तिथे नाहीत. नासाच्या ग्लेन केंद्रातल्या लिंडसी मॅकमिलन-ब्राउन यांनी पेरोव्हस्काइटचा पापुद्रा आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाबाहेर दहा महिने ठेवून परत आणला, तो मोडला नव्हता. उलट अनुभवही आहे. कॅलटेकनं जानेवारी २०२३ मध्ये ३२ प्रकारच्या सेल एकाच यानातून वर पाठवल्या. त्यांत गॅलियम आर्सेनाइडच्या सेल सातत्यानं चालल्या, पेरोव्हस्काइटच्या सेलमध्ये मात्र फार चढउतार दिसले. तेव्हा घाईनं टाळ्या वाजवू नयेत, एवढं खरं.

आता आपल्या यानांकडे वळू. चंद्रयान-३ च्या विक्रम लँडरची सौरक्षमता ७३८ वॅट होती आणि प्रज्ञान रोव्हरची ५० वॅट. एका घरच्या मिक्सरच्या विजेवर विक्रमनं चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडच्या भागात आपलं काम केलं. मंगळयानाच्या सेल मंगळाजवळच्या निम्म्याहून कमी उन्हात ८४० वॅट देत होत्या. यानं आपली, अग्निबाण आपला, बुद्धी आपली. पण उच्च दर्जाच्या अवकाशसेल आपण बराच काळ मुख्यतः परदेशातून विकत घेत आलो. जमिनीवरच्या सेलपेक्षा त्या शेकडो पटींनी महाग असतात आणि जगात त्या बनवणाऱ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजता येतील. गॅलियम आर्सेनाइडचे थर अणू-अणू रचून वाढवणारी यंत्रं आणि ती चालवणारी कसबी माणसं, या दोन्हींची आपल्याकडे वानवा आहे. यंत्रं पैशानं येतात. माणसं घडवावी लागतात, आणि त्याला दहा-पंधरा वर्षं जातात.

ही माणसं पुण्या-मुंबईतूनच यावीत असं नाही. वाशीमच्या शेजारी, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहायची आहे. मोठं विज्ञान आपल्या शिवाराला लागून येतं आहे. वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर इथे बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र घेतलेल्या मुला-मुलींना माझं सांगणं आहे, अर्धवाहकांचा धडा परीक्षेपुरता वाचून सोडून देऊ नका. वावरातल्या प्लेटेवर मल्टिमीटर लावा, सकाळी, भर दुपारी आणि धूळ पुसल्यावर आकडे घ्या, ते का बदलतात ते शिक्षकांना विचारा. आणि घरातल्या मोठ्यांना हात जोडून विनंती आहे, मुलीनं भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून पुढे संशोधन करायचं म्हटलं, तर ‘त्यात नोकरी कुठे आहे’ म्हणून तिला मागे ओढू नका. काम भरपूर आहे, करणारे हात कमी आहेत.